‘जिंकलो’ आणि ‘हरली पोरं’ : फुटबॉलवरचा एक जुना पेपर वाचताना

सोमवारी सकाळी टेंभी नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते. अंगात आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची जर्सी. बिल्डिंगमधल्या काकांनी विचारलं, "काय गं, काल मॅच होती ना? काय झालं?" मी म्हटलं, "हरली पोरं, काका."

स्टेशनपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. त्याआधी सीझनमधला एकुलता एक सामना जिंकला होता, तेव्हा याच काकांना मी जिन्यातून ओरडून सांगितलं होतं, "जिंकलो!" म्हणजे जिंकताना मी टीममध्ये होते आणि हरताना टीम ‘पोरांची’ झाली.

नेमक्या या सवयीवर सामाजिक मानसशास्त्रात एक गाजलेला पेपर आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांचा, १९७६ सालचा. माझा विषय रसायनशास्त्र, पण पेपर कसा वाचावा हे शिकायला मला तो फार उपयोगी पडला. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, तर आज तो माझ्यासोबत वाचा. आधी पेपर काय म्हणतो ते बघू, मग तो कुठे कमी पडतो ते.

पेपर काय म्हणतो

दावा सोपा आहे. यशस्वी माणसांशी आपलं नातं आहे हे लोक मिरवतात, त्या यशात त्यांचा स्वतःचा काडीचा हात नसला तरी. दुसऱ्याच्या शेकोटीवर हात शेकून घेणं म्हणा ना. हे तपासायला त्यांनी अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल घेतलं. लक्षात ठेवा, हे अंडाकृती चेंडूचं फुटबॉल, आपलं नव्हे.

पहिला भाग निरीक्षणाचा. १९७३ च्या सीझनमध्ये सात विद्यापीठांच्या वर्गांत दर सोमवारी गुपचूप मोजलं गेलं, की किती मुलांच्या अंगावर विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह आहे. शनिवारी टीम जिंकली असेल तर असे कपडे जास्त दिसले.

दुसऱ्या भागात विद्यार्थ्यांना फोन केले. आधी कॅम्पसबद्दल छोटी प्रश्नमंजुषा. मग काहींना सांगितलं "तुम्हाला छान जमलं", काहींना "तुम्हाला जमलं नाही". कोणाला काय सांगायचं ते आधीच ठरलेलं. त्यानंतर विचारलं, अमुक सामन्याचं काय झालं? आणि उत्तरात ‘वुई’ येतं का ते टिपलं. स्वतः नापास झाल्याचं ऐकलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी जिंकलेल्या सामन्याबद्दल ‘वुई’ वापरलं. हरलेल्या सामन्याबद्दल फक्त १४ टक्क्यांनी. पास झाल्याचं ऐकलेल्यांत हेच आकडे २४ आणि २२.

इथे थांबा. पहिल्या गटातला फरक २६, दुसऱ्यातला २. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून आहे, यालाच इंटरॅक्शन म्हणतात. परीक्षेला व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे चार आकडे लक्षात ठेवा.

काय आवडलं

त्यांनी कोणालाच "तुम्ही टीमशी किती निष्ठावान आहात?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनीच छातीवर हात ठेवला असता. त्यांनी कपडे बघितले, सर्वनाम ऐकलं. आणि निरीक्षणावर न थांबता प्रयोग केला. जिंकल्यावर टी-शर्ट जास्त दिसतात याची दहा कारणं असू शकतात. सामन्याच्या दिवशी नवे विकत घेतले असतील, हरल्यावर कट्टर चाहते सोमवारी वर्गालाच आले नसतील. फोनवरच्या प्रयोगात ही कारणं टिकत नाहीत.

कुठे खटकलं

पहिली गोष्ट, नमुना. सात विद्यापीठं कोणती ते बघा. नोत्र दाम त्या सीझनमध्ये एकही सामना हरलं नाही. ओहायो स्टेट आणि मिशिगनही हरले नाहीत. त्यांची एकमेकांशीच १०-१० अशी बरोबरी झाली, तेवढाच डाग. ॲरिझोना स्टेट एकच सामना हरलं. सातांत जरा अडखळणारं म्हणजे पिट्सबर्ग. थोडक्यात, हरल्यावर माणूस काय करतो याचा निष्कर्ष जवळजवळ न हरणाऱ्या टीम्सवरून निघालाय! दर वर्षी पहिल्या फेरीत गारद होणाऱ्या टीमचं काय? तिचे चाहते ‘जिंकल्याच्या सोमवारची’ वाट बघत बसले तर जर्सी कपाटातच विरायची.

दुसरी गोष्ट, भाषा. मी हाच प्रयोग आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करून बघायला गेले आणि पहिल्याच संध्याकाळी अडकले. मराठीत ‘वुई’ एक नाही, दोन आहेत. समोरच्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. शिवाय दोन्ही गाळून नुसतं ‘हरलो’ म्हटलं तरी काम भागतं. सर्वनाम मोजलं तर ‘हरलो’ निसटतं.

आता पेपरचा तिसरा भाग आठवा. तिथे फोन करणारा कधी त्याच विद्यापीठाचा असायचा, कधी बाहेरगावचा, आणि त्याने काय फरक पडतो ते बघितलं होतं. मराठीत हा फरक व्याकरणच पाडेल; घरच्या माणसाशी ‘आपण’, बाहेरच्याशी ‘आम्ही’. म्हणजे मोजायची वस्तू आणि बदलायचा घटक एकमेकांत मिसळले. परदेशी पेपरमधलं मापन जसंच्या तसं उचलू नका म्हणतात, ते यासाठी. दहीहंडीला आमच्या नाक्यावर कान देऊन उभे राहा. थर लागले की "लावले आपण!", कोसळले की "खालचा थर हलला त्यांचा".

तिसरी गोष्ट, वेळ. सोमवारचा टी-शर्ट एका आठवड्याचा हिशेब सांगतो, निष्ठा वर्षांची असते. मुंबई एफसीचं बघा. २००७ साली सुरू झालेला क्लब, २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये तळाला राहून खाली गेला आणि मग बंदच पडला. त्याच सीझनमध्ये ऐझॉल एफसी विजेता ठरला, आणि त्याचा प्रशिक्षक खालिद जमील, ज्याने आधी कित्येक वर्षं मुंबई एफसीला सांभाळलं होतं. कूपरेजला जाऊन त्या टीमसाठी घसा बसवणाऱ्यांना पुढचा सोमवारच उरला नाही. त्यांची निष्ठा कोणत्या वर्गात मोजणार?

नंतरच्या संशोधनाने यातलं थोडं भरून काढलं. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की अपयशी गटापासून लोक अंग काढून घेतात. वान आणि ब्रॅन्सकॉम्ब यांनी १९९० मध्ये कट्टर आणि सोयीचे चाहते वेगळे केले. टीमशी ओळख घट्ट असेल तर पराभवानंतरही माणूस कमी दुरावतो. पण इथेही सावध राहा. "घट्ट जोडलेले असतात ते सोडून जात नाहीत", हे स्पष्टीकरण आहे की तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत? जोडलेपण पराभवाच्या आधी, स्वतंत्रपणे मोजलं असेल तरच ते स्पष्टीकरण.

मग पेपर फेकून द्यायचा का?

नाही. कारण त्यातले ४० आणि १४ मला माझ्याच डायरीत सापडले. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझी एक रिअ‍ॅक्शन सात महिने होत नव्हती. त्या अख्ख्या सीझनमध्ये मी एकाही मॅचला गेले नाही. सगळ्यांना सांगितलं, वेळ नाही. वेळ होता; रविवारी दुपारी मी तलावपाळीवर बसून शेंगदाणे खात होते. स्वतः हरत असताना अजून एका हरणाऱ्याशी नाव जोडणं नको वाटत होतं. पेपर हेच तर सांगतो.

लॅबमध्येही हेच चालतं. पेपर स्वीकारला गेला की "आपला पेपर आला". नाकारला गेला की "तिच्या डेटात गडबड होती". आणि मीसुद्धा ग्रुप मीटिंगमध्ये "यील्ड कमी आली" असंच म्हणते, जणू यील्ड स्वतःच्या पायांनी चालत आली.

पुढच्या वर्षी मी परत मैदानावर गेले. आमचा गोली दोन्ही सीझन होता, एक मॅच न चुकवता. त्याने काही विचारलं नाही, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट हातात दिला. त्या दिवशीही टीम हरली. पण त्याच्यासारख्या माणसाला हा पेपर कुठल्या रकान्यात बसवेल, ते मला अजून सांगता येत नाही. टीकेची खरी जागा तीच आहे.

जाता जाता गृहपाठ. तुमच्या आवडीचा एक पेपर घ्या आणि तीन ओळी लिहा : नमुन्यात कोण नाही? मापन मराठीत केलं तर काय निसटेल? आणि निष्कर्ष स्वतःला लावला तर कुठे टोचतो?

मी माझ्यापुरती सुरुवात केलीये. काल पुन्हा मॅच होती. सकाळी काका भेटले.

"काय झालं गं?"

"हरलो, काका. तीन-शून्य."