जाहिरातीतला 'आपण' कोण?

आपल्या नियतकालिकांतून कवितेची, आत्मकथनाची, नाटकाची समीक्षा होते. जाहिरातीची होत नाही. जाहिरात म्हणजे बाजाराची गोष्ट, तिच्याशी वाङ्मयाचा काय संबंध, असा आपला समज आहे. मला तो मान्य नाही. दवनीवाड्यात एकही कवितासंग्रह न वाचलेली माणसे पुष्कळ आहेत, पण साबणाची, दंतमंजनाची चार घोषवाक्ये पाठ नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. जो मजकूर इतक्या लोकांच्या तोंडी बसतो, तो त्यांच्या मनात काय रुजवतो हे तपासणे समीक्षकाचे काम नाही काय?

जाहिरातीच्या धंद्यातील लोकांची मोजपट्टी सोपी आहे. माल खपला की मोहीम यशस्वी, बक्षीस मिळाले की ती सर्जनशील. आपल्याला ही मोजपट्टी पुरणारी नाही. प्रत्येक जाहिरात कोणाला तरी 'तुम्ही' म्हणून हाक मारते आणि कोणाला तरी 'आपण'मध्ये सामावून घेते. त्या 'आपण'च्या बाहेर कोण उभा राहतो, तिथून माझी तपासणी सुरू होते.

या देशात जाहिरात करण्याचा हक्कही सर्वांना सारखा मिळालेला नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही. तेव्हा लोकमान्य हयात होते. बाजाराला जात नसते, पैसा सर्वांचा सारखाच, असे आजही अनेक विद्वान सांगतात. त्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. तिथे पैसा होता, जागा होती, फक्त माणूस नको होता.

आमच्या भागातील जाहिरात मी प्रथम वाचली ती बिडीच्या कट्ट्यावर. गोंदिया, तिरोडा, तुमसर हा सारा पट्टा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा. माझी आई बिड्या बांधायची. पाने भिजवायची, साच्याप्रमाणे कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची. हजार बिड्यांवर मजुरी, आणि त्यातूनही ठेकेदाराचा माणूस 'छाट' म्हणून काही बाजूला काढी, त्यांचे पैसे नाहीत. १९६६ मध्ये बिडी-सिगार कामगारांसाठी कायदा झाला, पण तो घराघरांतल्या सुपापर्यंत नीट पोचला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सांगायचे ते निराळेच आहे. बिडीचे लेबल नीट पाहिले आहे काय? कित्येक लेबलांवर देव असतो, वाघ असतो, नाहीतर टोपी घातलेल्या मालकाचा फोटो असतो. वळणाऱ्या हातांचे चित्र माझ्या पाहण्यात एकाही लेबलावर नाही. घरांच्या भिंती याच चित्रांनी रंगलेल्या असत. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आणली आणि पुढे त्या भिंतींवर सिमेंट, बियाणे, मोबाईल आले. २००९ पासून कट्ट्यावर धोक्याचे चित्र आले. ते ओढणाऱ्याला सावध करते. दिवसभर तंबाखूत हात घालून बसणारीला ते काही सांगत नाही. शासनाची सूचना झाली तरी तिचा 'तुम्ही' ग्राहकच असतो.

आता धंद्याच्या भाषेत ज्यांना अजोड यश म्हणतात त्या मोहिमांकडे येऊ. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू केली. सायकलवरून दारोदार विकलेली ही पावडर सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती. तिचे गाणे रेडिओने आणि दूरदर्शनने देशभर नेले. हिंदुस्थान लिव्हरने १९८० च्या दशकात उत्तर दिले ते ललिताजीच्या रूपाने. अलेक पदमसींच्या लिंटास संस्थेने घडवलेली आणि कविता चौधरींनी साकारलेली ही गृहिणी भाजीवाल्याशी घासाघीस करते, पैशाचा हिशोब जाणते, आणि तरीही महाग पावडर घेणे कसे शहाणपणाचे ते पटवून देते. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, हा तिचा युक्तिवाद. सर्जनशीलता म्हणून मी ललिताजीला निरमाच्या गाण्यापेक्षा वरचा क्रमांक देईन. एक ठसठशीत पात्र, तिच्या तोंडी नेमका तर्क, नाटककाराला हेवा वाटावा असे काम आहे ते. परंतु ती समजूतदारी ज्या घरात शिल्लक पैसा आहे त्याच घराची होती. रोजच्या मजुरीतून पुडी आणणारीला स्वस्त आणि चांगले यांतून निवड करायची संधीच नव्हती. ती निरमाकडे गेली. पुढे लिव्हरलाही 'व्हील' ही स्वस्त पावडर बाजारात आणावी लागली. ललिताजीने न पाहिलेली बाई कंपनीला शेवटी मोजावी लागली, ती ग्राहक म्हणून. बाजार आपल्याला ओळखतो तो एवढ्यापुरताच.

म्हणून मी निरमाला क्रांती वगैरे म्हणणार नाही. काही मित्र म्हणतात. स्वस्त पावडरने जातीचा डाग निघत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

लाल त्रिकोणाची गोष्ट याहून गंभीर आहे. कुटुंबनियोजनाची ही मोहीम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. दीप त्यागी या अधिकाऱ्याने ठरवले, की ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल असे चिन्ह हवे. लाल त्रिकोण, चार हसरे चेहरे, एक साधे वाक्य. १९६८ मध्ये निरोध आला, १५ पैशांना तीन, आणि चहा-साबण विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून तो खेड्यातल्या दुकानापर्यंत गेला. निरक्षर माणसाला मूर्ख न समजता त्याच्याशी बोलणारी ही त्या काळातील फार मोठी कामगिरी होती. तीच मोहीम १९७६ साली कोसळली. आणीबाणीत समजावण्याची जागा सक्तीने घेतली, आकड्यांचे लक्ष्य ठरले, आणि १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीचा भार कोणावर पडला? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर. भूमिहीन, दलित, मुसलमान, झोपडीतला माणूस. 'हम दो हमारे दो' मधला 'हम' हा कागदावर सगळ्या देशाचा होता. शिबिराच्या गाडीत बसवताना मात्र तो काही वस्त्यांपुरताच उरला. जाहिरात चांगली होती, म्हणून तिच्यामागे आलेली सत्ता चांगली ठरत नाही. उलट चांगल्या जाहिरातीमुळेच सक्तीला सभ्य चेहरा मिळाला असे मला वाटते.

फसलेल्या मोहिमांचे नाव निघाले की सगळे २००४ च्या 'इंडिया शायनिंग'कडे बोट दाखवतात. हिंदीत तिला 'भारत उदय' म्हटले होते. ग्रे या जाहिरातसंस्थेने केलेली, सरकारी पैशाने चाललेली ही मोहीम. सुमारे १५० कोटींचा आकडा तेव्हा सांगितला जात असे. चकचकीत रस्ते, क्रिकेट खेळणारी गृहिणी, हसरा शेतकरी. काँग्रेसने एकच प्रश्न विचारला, की यातून सामान्य माणसाला काय मिळाले. भाजप १८२ वरून १३८ जागांवर आला, काँग्रेसला १४५ मिळाल्या, आणि जाहिरातीने सरकार बुडवले ही दंतकथा जन्माला आली. या दंतकथेवर माझा विश्वास नाही. आमच्या भंडारा मतदारसंघात त्याच निवडणुकीत भाजपचे शिशुपाल पटले निवडून आले आणि प्रफुल्ल पटेल पडले. इथे काय उजळले होते? भाताचे भाव की बिडीची मजुरी? उमेदवार, जात, स्थानिक नाराजी यांवर मत पडले. जाहिरातीवर पडले नाही, ना बाजूने ना विरुद्ध. मोहीम फसली ती मतपेटीत नव्हे. चकाकी दाखवताना अंधारात बसलेल्यालाही तिने प्रेक्षक म्हणून बसवले, आणि हे चित्र आपले नाही हे त्याला दाखवून दिले, तिथे ती फसली. आपल्या कार्यकर्त्यांनीही हे लक्षात ठेवावे. समोरच्याची जाहिरात खोटी आहे एवढ्याने आपले मत वाढत नसते.

आतापर्यंतच्या उदाहरणांत आपण चित्राबाहेर होतो. अलीकडे आपल्याला चित्रात घेतले जाते, आणि ते कसे, हे पाहण्याजोगे आहे.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावाकडे निघाले असताना, केंट या पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकणाऱ्या कंपनीने कणीक मळण्याच्या यंत्राची जाहिरात केली. तुमच्या मोलकरणीला हाताने कणीक मळू देता काय, तिचे हात संसर्ग झालेले असू शकतात, असा तिचा आशय. ओरड झाली, कंपनीने माफी मागितली, जाहिरात काढली. अनेकांनी याला वर्गाचा उद्धटपणा म्हटले. ते अर्धे खरे आहे. विषाणू मालकिणीच्या हातावरही असू शकत होता, मग तो फक्त मोलकरणीच्या हातावर का दिसला? कारण तो हात आधीपासूनच विटाळाचा होता. साथीने त्याला वैद्यकीय नाव दिले, एवढेच. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, आणि नंतर सनातन्यांनी पंचगव्याचे घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. शुद्धीकरणाचा धंदा या देशात यंत्रांच्या फार आधीचा आहे.

५ जून २०२३ ला, पर्यावरण दिनी, झोमॅटोने 'कचरा' नावाची चित्रफीत आणली. 'लगान' (२००१) या आशुतोष गोवारीकरांच्या चित्रपटात कचरा नावाचे अस्पृश्य पात्र आहे. ते करणारे नट आदित्य लाखिया यांनाच इथे घेतले आणि पुनर्वापर केलेल्या कचऱ्यापासून बनलेल्या वस्तू म्हणून दाखवले. माणूसच दिवा, माणूसच पेपरवेट, माणूसच झाडांना पाणी घालायची झारी. दिग्दर्शक नीरज घायवान यांनी जाहीर निषेध केला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली, कंपनीने भावना नकळत दुखावल्याचे सांगून चित्रफीत मागे घेतली.

या जाहिरातीवर थांबायला हवे, कारण ती हलकी नाही, चतुर आहे. एका शब्दाचे दोन अर्थ, सर्वांना आठवणारे पात्र, पर्यावरणाचा चांगला हेतू. कोणत्याही पाठ्यपुस्तकात श्लेषाचे उदाहरण म्हणून बसेल. पण हा श्लेष चालण्यासाठी काय गृहीत धरावे लागते ते पाहा. अस्पृश्याचे नाव कचरा असणे हे प्रेक्षकाला स्वाभाविक वाटले पाहिजे. कचरू, धोंडू, दगडू ही नावे आपल्याकडे मूल जगावे, नजर लागू नये म्हणूनही ठेवत, अनेक जातींत ठेवत, हे मला ठाऊक आहे. परंतु शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असा दंडक मनुस्मृतीत लिहिलेला आहे, आणि तिचे दहन २५ डिसेंबर १९२७ ला याच महाराष्ट्रात का झाले हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. 'लगान'मध्ये निदान भुवन कचऱ्याच्या बाजूने गावाशी भांडतो. तो चित्रपटही मला पुरता मान्य नाही, कारण कचऱ्याचे कौशल्य त्याच्या अधू हाताच्या योगायोगातून येते, मेहनतीतून नाही. तरी तिथे तो माणूस होता, चेंडू टाकत होता. जाहिरातीने त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि त्याला वस्तू केले.

हेतू वाईट नव्हता, असे सांगण्यात आले. मीही मानतो, नव्हता. म्हणूनच प्रकरण गंभीर आहे. लेखकाने विनोद सुचवला, दिग्दर्शकाने चित्रित केला, संकलकाने कापला, अधिकाऱ्यांनी मंजूर केला, आणि या साखळीतील एकालाही तो खटकला नाही किंवा खटकूनही बोलता आले नाही. २०१९ मध्ये न्यूजलाँड्री आणि ऑक्सफॅम यांच्या पाहणीत वृत्तमाध्यमांतील नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ सवर्णांकडे आढळल्या. अनुसूचित जाती-जमातींचा त्यांत एकही नव्हता. जाहिरातीचे दिवाणखाने याहून निराळे असतील असे मानायला मला कारण दिसत नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये याच कंपनीने 'शुद्ध शाकाहारी' लोकांसाठी हिरव्या गणवेशातला वेगळा ताफा जाहीर केला. टीकेनंतर गणवेशाचा हिरवा रंग एका दिवसात गेला, ताफा वेगळा ठेवण्याचा बेत राहिला. 'शुद्ध' हा शब्द जेवणाला लावला की तो जेवण आणणाऱ्याच्या अंगालाही चिकटतो, एवढे तरी मोलकरणीच्या जाहिरातीनंतर कळायला हवे होते.

मागे घेतलेल्या जाहिरातींची यादी करून आपण समाधान मानू नये. नोटीस आली की माफी येते, माफीचाही मसुदा तीच संस्था लिहिते.

शिक्षकमित्रांसाठी एक सांगायचे आहे. आपल्या मुलांना शाळेपासून 'जाहिरात लेखन' शिकवले जाते. मुले मिठाईचे दुकान, शिकवणी वर्ग, फटाके यांच्या जाहिराती लिहितात. आकर्षक चौकट, तीन उद्गारचिन्हे, आणि पूर्ण गुण. गेल्या वर्षी मी पदवीच्या वर्गाला सांगितले, तुमच्या घरी जे विकले जाते त्याची जाहिरात लिहा. बऱ्याच जणांना आधी कळेचना. आमच्या घरी काही विकत नाहीत सर, म्हणाले. मग हळूहळू तांदूळ, मोहफुले, मासे आले. एका मुलीने आईच्या टोळीची जाहिरात लिहिली. रोवणीला बाया मिळतील, बारा जणी, मजुरी आधी ठरवावी, दिवस बुडायच्या आत सुटी. शेवटी लिहिले होते: पिण्याचे पाणी तुमच्या घरच्या माठातले.

शेवटच्या ओळीने ग्राहक दुरावेल, जाहिरातीत अट घालू नये, असे वर्गातल्या एकाने नियमाप्रमाणे सांगितले. तिने ती ओळ काढली नाही. उलट पुढच्या प्रतीत ती सर्वांत वर, मोठ्या अक्षरात घेतली.