'मरे आणि रेनार, १८९१' : नुसता संदर्भ देऊ नका, वाचा

समुद्रतळावरच्या मँगनीज गाठींबद्दल काहीही वाचायला घेतलं की 'मरे आणि रेनार, १८९१' हा संदर्भ सुरुवातीलाच भेटतो. बहुतेक जण तो उतरवून घेतात आणि पुढे जातात. मूळ पुस्तक वाचायची गरज आहे का? माझ्या मते आहे, पण उत्तरांसाठी नाही.

'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रतळांचे नमुने आणले. जॉन मरे आणि बेल्जियमचे खडकतज्ज्ञ आल्फोन्स रेनार यांनी त्यांचं वर्णन केलं. पुस्तकाची खरी ताकद याच वर्णनात आहे. लाल मातीचंच बघा: प्युमिस, ज्वालामुखी काच, फिलिप्साइट, शार्कचे दात, देवमाशांच्या कानाची हाडं, चुंबकाने वेचलेले अंतराळातले गोलक. इतके दात एकाच ठिकाणी सापडतात म्हणजे गाळ फारच सावकाश साचतोय, हा त्यांचा तर्क आजही टिकून आहे. किती सावकाश, ते मात्र सांगता येणार नव्हतं. किरणोत्सर्गाचा शोधच १८९६ चा. गाठी दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात, हे फार नंतर कळलं.

आता दोष. लाल माती मुख्यतः ज्वालामुखी पदार्थ कुजून बनते, असं मरे यांचं म्हणणं. पण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत होते ते मोठे कण, आणि ते ज्वालामुखीचे होते. बाकीचा अतिसूक्ष्म भाग तेव्हा ओळखताच येत नव्हता. पुढे क्ष-किरण विवर्तन आल्यावर दिसलं, की उत्तर पॅसिफिकमधल्या या मातीचा मोठा हिस्सा वाऱ्याने आशियातून आणलेली धूळ आहे. थोडक्यात, जे दिसलं त्याला न दिसलेल्याचंही श्रेय मिळालं.

गाठींबाबत तर दोन्ही लेखकांचं एकमत नव्हतं. मँगनीज ज्वालामुखी पदार्थांतून येतं, असं मरे म्हणत. रेनार यांचा कल समुद्राच्या पाण्याकडे. त्यामुळे 'मरे आणि रेनार यांच्या मते गाठी अशा बनतात' हे वाक्य लिहिणंच चूक आहे. शिवाय ड्रेज तळ खरवडून सगळं एकत्र करतं. गाळाच्या कणांमधल्या पाण्यातूनही धातू वर येतो, हा तिसरा मार्ग अशा नमुन्यांत दिसणं कठीणच होतं.

हा वाद जुना झाला म्हणून सोडून देऊ नका. 'गवेषणी' जहाजाने १९८१ मध्ये हिंद महासागरातून गाठी आणल्या, आणि आज मध्य हिंद महासागर खोऱ्यात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे आहे. तिथे प्युमिस भरपूर, अनेक गाठींच्या गाभ्यातही ज्वालामुखी तुकडे. म्हणजे मरे यांना पडला तोच मोह इथेही पडू शकतो. पण गाभा कशाचा आहे आणि धातू कुठून आला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. थेट समुद्राच्या पाण्यातून वाढलेल्या गाठीत कोबाल्ट जास्त असतं. गाळातल्या पाण्यावर वाढलेल्या गाठीत निकेल आणि तांबं. कुठल्या भागात कोणता धातू मिळेल, हे यावर ठरतं.

अख्खं पुस्तक नको, फक्त लाल मातीचा भाग घ्या. वहीत दोन रकाने आखा: 'काय दिसलं' आणि 'त्यावरून काय मानलं'. पहिला रकाना आजही जवळपास जसाच्या तसा वापरता येतो. नंतर हेच दोन रकाने तुमच्या आवडत्या नव्या पेपरसाठीही आखून बघा.