स्टीव्हन्स निकाल : वाणीचे स्वातंत्र्य आणि मुक्या जीवांची वेदना

भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांची चर्चा आपल्याकडे बहुधा धर्मभावना आणि अश्लीलता यांभोवतीच फिरते. म्हणूनच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०१० रोजी ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ या खटल्यात दिलेले निकालपत्र अभ्यासकांनी मुळातून वाचावे, असे आम्हांस वाटते.

लहान प्राण्यांना टाचांखाली चिरडून त्याच्या चित्रफिती विकण्याच्या विकृत धंद्याला पायबंद घालण्यासाठी तेथे १९९९ साली कायदा झाला. प्रत्यक्ष खटला मात्र चालला तो कुत्र्यांच्या झुंजींच्या चित्रफिती विकणाऱ्यावर. त्यास ३७ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो कायदाच रद्द ठरविला. कायद्याची व्याप्ती अतिरेकी होती. एखाद्या ठिकाणी शिकारीस बंदी असेल, तर इतरत्र कायदेशीरपणे केलेल्या शिकारीचे चित्रणही तेथे विकणे गुन्हा ठरू शकले असते.

अभिव्यक्तीचे मूल्य एका पारड्यात आणि तिची सामाजिक हानी दुसऱ्यात घालून संरक्षण ठरवावे, असा सरकारचा युक्तिवाद होता. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तो साफ फेटाळला. येथवर आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत. ज्या समाजाची लेखणी ‘असभ्य’ म्हणून हिणविली गेली, त्याने तरी हा तराजू कोणाच्या हाती असतो हे विसरू नये.

परंतु न्यायमूर्ती अलिटो यांच्या एकाकी मतभेदाचे समाधानकारक उत्तर बहुमताच्या निकालपत्रात आम्हांस सापडत नाही. चिरडण्याच्या चित्रफितींत आधी क्रौर्य आणि मग त्याचे वृत्त, असा क्रम नसतो. विक्रीयोग्य चित्रफीत हवी म्हणूनच क्रौर्य केले जाते. बालकांच्या लैंगिक चित्रणाबाबत १९८२ च्या फर्बर खटल्यात याच न्यायालयाने बाजार आणि अत्याचार यांचा अतूट संबंध मान्य केला होता. येथे मात्र केवळ अशा चित्रफितींपुरता मर्यादित कायदा वैध ठरेल काय, हा प्रश्न त्याने अनिर्णित ठेवला. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात तथागतांनी उपासकाला शस्त्रे, सत्त्व, मांस, मद्य आणि विष या पाच वस्तूंचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. केवळ कृती नव्हे, तर त्यामागचा धंदाही तेथे दृष्टीआड होत नाही.

अमेरिकेतील मूलभूत हक्क निरपवाद आहेत, हा समज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गिटलो खटल्याच्या आधारे खोडून काढला होता. फरक एवढाच की, तेथे मर्यादा न्यायालये घालतात. आपल्याकडे त्या अनुच्छेद १९(२) मध्येच नमूद आहेत.

अमेरिकी संसदेने डिसेंबर २०१० मध्ये अश्लील स्वरूपाच्या चिरडण्याच्या चित्रफितींपुरता नवा, आटोपशीर कायदा केला. नवल असे की, ज्या कृत्याचे चित्रण विकणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरले, ते चिरडण्याचे कृत्य त्या कायद्यात गुन्हा ठरण्यास २०१९ साल उजाडावे लागले.