‘ऊरुभंगां’तील अखेरचा प्रवेश

संस्कृत नाट्यशास्त्रानें रंगभूमीवरील मृत्यूस मज्जाव केला, आणि म्हणून संस्कृतांत शोकान्त नाटक निपजलें नाहीं, हें विधान इतक्या वेळां झालें आहे कीं, त्याचा आधार तपासण्याची गरजच कोणास भासत नाहीं. टी. गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून त्रिवेंद्रम येथें भासाच्या नांवानें प्रसिद्ध केलेल्या तेरा नाटकांपैकीं ‘ऊरुभंग’ हें एकांकी नाटक या विधानाच्या आड उभें आहे. या नाटकांच्या प्रस्तावनांत कवीचें नांव नाहीं व कर्तृत्वाचा वाद मिटलेला नाहीं. परंतु आमचा मुद्दा त्यावर अवलंबून नाहीं. संहितेंत काय आहे तेवढेंच येथें पाहावयाचें आहे.

भीम-दुर्योधनांचें गदायुद्ध प्रेक्षकांस दिसत नाहीं. श्रीकृष्णानें मांडीवर थाप मारून केलेली खूण व भीमाचा अधर्म्य प्रहार तीन योद्ध्यांच्या तोंडून कळतो. त्यानंतर मांड्या मोडलेला दुर्योधन हातांवर सरपटत रंगभूमीवर येतो. क्रोधाविष्ट बलरामास तो आवरतो. आंधळा धृतराष्ट्र, गांधारी, मालवी व पौरवी या राण्या आणि लहानगा दुर्जय त्यास शोधीत येतात. मूल नित्याप्रमाणें बापाच्या मांडीवर बसूं पाहतें, आणि बापास त्याला नको म्हणावें लागतें. डोळ्यांआड झालेल्या प्रहाराचें मोल प्रेक्षकांस येथें कळतें. आमच्या मतें सारें नाटक या एका नकारासाठीं रचलें आहे. पुढें तो मुलास पांडवांची सेवा करावयास सांगतो, अश्वत्थाम्यास धनुष्य टाकावयास सांगतो, आणि कर्ण, अभिमन्यु, अप्सरा व हंसांचें विमान पाहत सर्वांसमक्ष प्राण सोडतो. महाभारताच्या सौप्तिकपर्वांत द्रौपदीच्या पुत्रांच्या वधाची वार्ता ऐकून दुर्योधन समाधानानें मरतो. नाटककारानें त्या संहारापूर्वींच त्यास मरूं दिलें, हा बदल सहजगत्या झालेला नव्हे.

आतां शास्त्राकडे वळूं. युद्ध, राज्यनाश, मरण व नगराचा वेढा हीं अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, प्रवेशकानें सुचवावींत, असें भरत सांगतो हें खरें. दहाव्या शतकांतील धनंजयाच्या दशरूपकांतहि वधाचा निषेध आहेच. परंतु तोच भरत मरण हा व्यभिचारी भाव मानतो, आणि विषानें मरणाऱ्याचा अभिनय कंप, दाह, उचकी, फेंस अशा आठ वेगांनीं कसा करावा, हें तपशिलानें शिकवितो. जें कधींच दाखवावयाचें नाहीं, त्याचें शिक्षण नटास कशाला? शिवाय ‘प्रतिमा’ नाटकांत दशरथ व ‘अभिषेका’ंत वाली रंगभूमीवरच मरतात. ‘बालचरितां’त तर कंसाचा वधहि दिसतो, सबब प्रहार झांकून मरण दाखविण्याची ‘ऊरुभंगां’तील पद्धति तेराहि नाटकांस लावतां येणार नाहीं.

ही पद्धति मात्र ग्रीकांसहि ठाऊक होती. युरिपिडीझच्या ‘हिपॉलिटस’ (इ. स. पू. ४२८) या नाटकांत समुद्रांतून निघालेल्या बैलामुळें घोडे उधळून रथ फुटतो, तें दूत येऊन सांगतो. मग छिन्नभिन्न झालेला हिपॉलिटस रंगभूमीवर आणला जातो, शाप देणाऱ्या बापास क्षमा करतो आणि तेथेंच मरतो. दोहोंत उसनवारी शोधण्याचा मोह आम्हांस नाहीं; तसा पुरावाहि नाहीं. अंगावर झालेला घाव नटानें खोटा करावा लागतो, घावानंतरचें बोलणें मात्र खरें वाटूं शकतें, हा धंद्याचा अनुभव दोन्हीकडे सारखाच.

कीथ यांनीं १९२४ च्या ग्रंथांत आक्षेप घेतला कीं, कृष्णभक्त प्रेक्षकास दुर्योधनाचा अंत ही शोकान्तिका वाटणार नाहीं. दुष्टास योग्य तेंच फळ मिळालें. आक्षेप वजनदार आहे. खुद्द दुर्योधनच भीमाच्या गदेंत श्रीहरि शिरल्याचें सांगतो. तथापि भरतानें दहा रूपकांत ‘उत्सृष्टिकांक’ सांगितला आहे, त्याचें लक्षणच युद्ध सरल्यावरचा स्त्रियांचा विलाप व करुण रस हें होय. मेलेला सज्जनच असावा, अशी अट आम्हांस तेथें आढळत नाहीं.

एक भेद नोंदण्याजोगा आहे. हिपॉलिटसची आराध्य देवता आर्टेमिस, मरण पाहणें देवांस निषिद्ध म्हणून, त्याचा प्राण जाण्यापूर्वीं निघून जाते. ‘ऊरुभंगां’त शेषाचा अवतार बलराम शिष्याजवळ अखेरपर्यंत उभा आहे.