बसरूरच्या स्वारीचा मोसम

शके १५८६ क्रोधी संवत्सरीं, माघमासीं, शिवाजीमहाराज मालवणाहून आरमारांत बसून दक्षिणेस बसरूरावर गेले, ही हकीकत वाचकांस अवगत आहेच. ग्रांट डफ यांनीं १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत या स्वारीसंबंधानें जें लिहिलें आहे, त्यांतील एका विधानाचा विचार येथें कर्तव्य आहे. वादळानें आरमार किनाऱ्यानें खालीं लोटलें गेलें, आणि वायव्येच्या वाऱ्यांमुळें महाराजांस परतण्यास पुष्कळ दिवस खोळंबावें लागलें, असा त्या विधानाचा आशय आहे. डफ यांच्या ग्रंथावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्यापासून पुष्कळ टीका झाली. तथापि हें वाक्य लहान व निरुपद्रवी दिसत असल्यामुळें त्याकडे सहसा कोणाची दृष्टि वळत नाहीं.

वस्तुतः तें निरुपद्रवी नाहीं. महाराज समुद्रावर होते त्याच सुमारास मिर्झा राजा जयसिंग औरंगाबादेहून पुण्याच्या रोखानें निघण्याच्या तयारींत होता. मार्च १६६५ मध्यें तो पुण्यास आला, महिनाअखेरीस पुरंदरास वेढा पडला, आणि जून महिन्यांत तह करावा लागला. अशा वेळीं राज्याचा धनी वाऱ्याच्या लहरीनें परमुलखांत अडकून पडला, असें म्हटल्यास त्यांत दुर्दैव तरी दिसतें, नाहीं तर अविचार तरी. यांपैकीं एकही आरोप पुराव्यावांचून मान्य करण्यास आम्ही तयार नाहीं.

प्रथम वाऱ्याचा पुरावा पाहूं. वायव्येचा वारा हें कोंकणच्या किनाऱ्यावर माघ-फाल्गुनांतलें नवल नव्हे. तो नित्याचा क्रम आहे. थंडीच्या दिवसांत रात्रीं व पहांटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, आणि दोन प्रहरीं समुद्रावरून वायव्येचा वारा येतो. मार्गशीर्ष-पौषांत मतलईचा जोर चांगला असतो. फेब्रुवारीपासून दुपारच्या वाऱ्याची सरशी होत जाते. समुद्राच्या प्रवाहाचीही तीच गोष्ट. आजच्या समुद्रशास्त्रज्ञांच्या निरीक्षणाप्रमाणें नोव्हेंबर ते जानेवारी या काळांत पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो. पुढें तो ओसरतो व उलटून दक्षिणेकडे वाहूं लागतो. म्हणजे जो मार्गशीर्षांत दक्षिणेस जाईल, त्यास परत येतांना प्रवाहाचें साह्य आहे. जो माघांत जाईल, त्याचें जाणें सुखाचें, पण येणें कष्टाचें.

मग महाराज मार्गशीर्षांत कां निघाले नाहींत? उत्तर उघड आहे. १६६४ च्या अखेरचे महिने कुडाळ प्रांतीं खवासखानाशीं झुंजण्यांत गेले, आणि सिंधुदुर्गाचा पाया त्याच नोव्हेंबरांत घातला गेला. मोकळीक मिळाली तेव्हां उत्तम मोसम सरत आला होता. वैशाखापलीकडे थांबणें तर अशक्यच; ज्येष्ठांत दर्या बंद होतो, तो नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हां हळूहळू मोकळा होतो.

दक्षिणेच्या सफरीचा हिशेब जाण्याच्या दिवसापासून नव्हे, तर परतीच्या दिवसापासून मांडावयाचा असतो, हें जुन्या दर्यावर्दी लोकांस पक्कें ठाऊक होतें. प्लिनी या रोमन ग्रंथकारानें मुझिरिसच्या व्यापाराविषयीं लिहितांना हिंदुस्थानांतून केव्हां निघावें हें मुद्दाम सांगितलें आहे: डिसेंबरांत, आणि कांहीं झालें तरी जानेवारीच्या १३ तारखेच्या आंत. इब्न माजिद या अरब नाखव्यानें पंधराव्या शतकांत निरनिराळ्या बंदरांचे मोसम नौरोजापासून दिवस मोजून दिले आहेत. आमच्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें प्रकरण आहे. पावसाळ्यापूर्वीं आरमार सुरक्षित बंदरीं कसें न्यावें, आणि वाऱ्यावांचून चालूं न शकणारीं अवजड जहाजें कां करूं नयेत, हें त्यांत बजावून सांगितलें आहे. आज्ञापत्र बसरूरच्या स्वारीनंतर सुमारें ५० वर्षांनीं लिहिलें गेलें, म्हणून तें या स्वारीचा प्रत्यक्ष पुरावा होत नाहीं. पण त्यामागील अनुभव एका दिवसांत जमलेला नव्हे.

आतां स्वारीचा क्रम याच दृष्टीनें पाहावा. आरमारांत ८५ लहान गलबतें व ३ मोठीं जहाजें होतीं. मालवणाहून बसरूर सुमारें दीडशें सागरी मैल; जातांना वारा पाठीशीं. तें शहर लुटून आरमार उत्तरेस गोकर्णापर्यंत आलें. तेथें महाबळेश्वराचें दर्शन महाशिवरात्रीच्या पर्वावर झालें असें मानतात. ती तिथि नव्या पद्धतीनें १३ फेब्रुवारीच्या सुमारास येते. त्यानंतर महाराजांनीं आरमाराचा मोठा भाग रवाना केला, केवळ १२ गलबतें खाड्या उतरण्यासाठीं ठेवलीं, आणि ४,००० पायदळ घेऊन अंकोल्यावरून कारवाराकडे जमिनीनें कूच केलें. ही हकीकत मुख्यतः कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारावरून कळते.

वाऱ्यानें कोंडलेल्या माणसाची ही वागणूक आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मतलईवर रात्रीं चालावें व दुपारीं नांगर टाकावा, अशा रीतीनें रिकामीं गलबतें हळूहळू वर येऊं शकतात. पण ४,००० माणसांचें अन्नपाणी पोटांत घेऊन तसें रखडणें परवडत नाहीं. म्हणून माणसें उतरवून आरमार हलकें केलें, वाटेंतल्या बंदरांवर खंडणी बसविली, आणि परतीचा मार्ग वाऱ्याच्या हातून काढून पायांच्या हातीं दिला. जातांना पाणी व येतांना जमीन, ही योजना मोसम ओळखून केलेली आहे, असें आमचें अनुमान आहे.

डफ यांचें विधान सर्वस्वीं खोटें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. एखादें वादळ झालेंही असेल, आणि कांहीं दिवस खोळंबा तर त्या ऋतूंत व्हावयाचाच. आमचा आक्षेप इतकाच कीं, दरसालच्या वाऱ्यास त्यांनीं आकस्मिक संकटाच्या पंक्तीस बसविलें, आणि त्यामुळें योजनेचा प्रश्नच वाचकाच्या दृष्टीआड झाला. दिवस मोजणाऱ्यांसाठीं आणखी एक सूचना: त्या काळचे इंग्रज जुनी पद्धति वापरीत, व ती नव्या पद्धतीहून १० दिवस मागें असे. माघाच्या अखेरीस वारा पालटत असतां १० दिवसांची चूक म्हणजे निराळा मोसम होय. तारखा एका पद्धतीवर आणल्याविना या स्वारीविषयीं कोणींही निर्णय देऊं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. किनाऱ्यावरील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा व महजर शोधतांना बंदरचीं टिपणें, तांडेलांचे हिशेब, पंचांगाच्या कडेला लिहिलेल्या वाऱ्यापाण्याच्या नोंदी असले कागद हातीं लागल्यास ते क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नयेत. गलबत कोणत्या तिथीस सुटलें व कोणत्या तिथीस परत लागलें, एवढी एक ओळ मिळाली तरी एखाद्या मोठ्या स्वारीचा अर्थ बदलूं शकतो.