छायाचित्रांतील पाठभेद

पोथी हातीं आली म्हणजे कागद, शाई, अक्षरवटिका आणि लेखकाचे प्रमाद पाहिल्यावांचून आपण तिजवर विश्वास ठेवीत नाहीं. जुनें छायाचित्र मात्र प्रत्यक्ष प्रमाण समजून निःशंकपणें स्वीकारतों. आमच्या मतें छायाचित्र हें प्रत्यक्ष नव्हे, शब्दप्रमाणच होय. म्हणून सांगणारा आप्त आहे कीं नाहीं हें पाहिलेंच पाहिजे.

मुंबईस १८५४ सालीं स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीचे एक आद्य सभासद विल्यम जॉन्सन यांचा मुंबईंतील जातिजमातींविषयींचा सचित्र ग्रंथ लंडनमध्यें दोन भागांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागांत महाराष्ट्रांतील लोक आहेत. पागोटीं, लुगडीं, अलंकार यांचा इतका जुना चित्ररूप पुरावा दुर्मिळ, हें जॉन्सनसाहेबांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु यांतील पुष्कळ चित्रांत माणसें एके ठिकाणीं टिपून, कापून, भलत्याच देखाव्यावर बसविलेलीं आहेत. हा उघड प्रक्षेप होय. वेषाविषयीं हा ग्रंथ साक्ष देईल. स्थळाविषयीं त्याची साक्ष घेऊं नये.

कर्त्याच्या दोषाप्रमाणें यंत्राचेही दोष आहेत. १८५१ सालीं आर्चर यांनीं प्रसिद्ध केलेल्या कोलोडियनच्या रीतींत कांच ओली असतांच चित्र घेऊन लागलीच धुवावें लागे. म्हणून खेड्यांत जातांना अंधारा तंबूही बरोबर न्यावा लागे. हें द्रव्य तांबड्या रंगास जवळजवळ आंधळें. त्यामुळें कुंकू काळें उमटतें आणि निळें आकाश पांढरें पडतें. पेट्झव्हाल यांच्या १८४० च्या भिंगांत मध्य रेखीव, कडा अस्पष्ट. प्रकाश कांहीं सेकंद द्यावा लागे, त्यामुळें चालतीं माणसें उमटतच नसत. एका निर्मनुष्य पेठेचें असें चित्र दाखवून ती ओस पडली होती असें आम्हीं एकदां वर्गांत सांगितलें. ती चूक आमची. पेठ भरलेलीही असेल!

हल्लीं कांहीं हौशी मंडळी तींच पितळी भिंगें व ओल्या कांचा घेऊन खेडीं आणि रानें टिपतात. कला म्हणून त्यांत वावगें कांहीं नाहीं. ओल्या कांचेवरील बारकावा पाहून आम्हांसही आनंद होतो. परंतु पूर्वीं जो यंत्राचा नाइलाज होता, तो आतां अलंकार म्हणून मुद्दाम योजिला जातो. अशा चित्रावर तिथि नसेल, तर पन्नास वर्षांनीं संग्राहक त्यास शतकभर जुनें समजेल, आणि आजचा नांगर व आजची पागोटी परवांच्या इतिहासांत शिरेल.

म्हणून अशा मंडळींस आमची विनंति एवढीच, कीं प्रत्येक चित्राच्या पाठीमागें गांव, तिथि, यंत्र व भिंग हीं लिहावीं. संग्राहकांनींही जुन्या चित्रांचे पुठ्ठे, कडा व पाठीमागचा मजकूर कापूं नये. पोथीची पुष्पिका फाडणारास आपण काय म्हणतों, हें सांगावयास नकोच.