दिवा कोणता?

आपल्या कथा-कादंबऱ्यांतून रस्त्यावरचा दिवा बहुधा मिणमिणत असतो. नायक हताश झाला की त्याला या दिव्याखाली उभे करावयाचे, असा शिरस्ताच पडला आहे. मात्र तो दिवा घासलेटचा, गॅसचा, पाऱ्याचा की सोडियमचा, हे लेखक क्वचितच सांगतो.

जुने दिवे ओळखण्याचा छंद असलेल्या मंडळींची नजर या बाबतीत उसनी घेण्यासारखी आहे. अमेरिकेत दिव्याच्या बुडाशी चिठ्ठी डकवीत. निळी असली तर पारा, पिवळी असली तर सोडियम. पिवळीवरचा १५ हा आकडा म्हणजे १५० वॅट. रस्त्यावरून मान वर केली की उलगडा होई. चिठ्ठी नसली तरी उजेडाचा रंग वाचता येतोच. पाऱ्याच्या निळसर उजेडात माणसाची कांती प्रेतवत दिसते. सोडियमच्या पिवळ्या उजेडात निळे लुगडे काळपट होते. तेव्हा त्या उजेडात नायिकेचे निळे लुगडे झळकविणाऱ्या लेखकाने तो उजेड पाहिलेलाच नाही, असे म्हणावे लागते. शिवाय उच्च दाबाचे हे सोनेरी दिवे बाजारात आले तेच १९६५ च्या सुमारास. १९५० च्या मुंबईच्या कथेत त्यांना जागा नाही.

ही निव्वळ खोडी काढणे नव्हे. ईश्वरचंद्र विद्यासागर रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, ही गोष्ट आम्ही शिक्षक मुलांना सांगतो. सांगता सांगता तो दिवा गॅसचा होतो. विद्यासागरांचे शिक्षण १८४१ मध्ये संपले. कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅस पेटला १८५७ मध्ये. दिवा तेलाचा म्हटला तर गोष्ट टिकते, आणि त्या विद्यार्थ्याचे कष्टही वाढतात. खरा तपशील चरित्रनायकाला लहान करीत नाही.

ग्रामीण कादंबरीला तर हा प्रश्न अधिकच झोंबावा. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, आमच्या कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ साली. इथल्या घाटावरून उतरलेल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तारांखालची खेडी मात्र पुढे कित्येक वर्षे कंदिलावरच राहिली. कशेळ्यासारख्या गावावर लिहिणाऱ्याने दिवा कोणता हे नेमके सांगितले, तर या अन्यायावर वेगळे भाषण करण्याची गरज उरत नाही.

२०१५ पासून सरकारी योजनेखाली रस्तोरस्ती एलईडी दिवे बसू लागले आणि सोडियम उतरू लागला. पुढच्या वाचकाला तो पिवळा उजेड पुस्तकातच भेटेल. तिथे आपण नुसते ‘मिणमिणता’ लिहून ठेवले असेल, तर त्याला काहीच दिसणार नाही.